मोठे टायर आणि लांब शॅकल बसवल्यापासून जिप्सीचे स्टीअरिंग खड्ड्यानंतर जोरात थरथरते. बॅलन्सिंग करूनही जात नाही. दोष कसा शोधावा?

तुम्ही लिहिले आहे की २३५/७५ आर १५ टायर आणि लांब शॅकल (कमानपाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) बसवल्यापासून साधारण ६० च्या वेगात खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला, की स्टीअरिंग डावी-उजवीकडे हिसके देऊ लागते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत शमत नाही. बॅलन्सिंग झाले, स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हिसके शोषणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर) नवा टाकला, काही आठवडे बरे गेले आणि त्रास परतला. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डॅम्पर हेलकावा शोषून घेतो; तो निर्माण करणारा ढिलेपणा मात्र दुसरीकडे कुठेतरी जागच्या जागी राहतो आणि नव्या डॅम्परलाही लवकरच थकवतो.

चाकाचे वजन असमान असेल, तर थरथर ठरावीक वेगाला येते आणि वेग वाढवला की बहुधा कमी होते. चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला गोळा राहिला, तरी नेमके हेच होते, म्हणून आधी रिम आतून धुऊन पाहावा. तुमचा प्रकार वेगळा आहे, कारण तो धक्क्याने सुरू होतो आणि मग स्वतःच स्वतःला पोसतो. जिप्सीसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला असलेल्या गाडीत एक चाक उचलले गेले की संपूर्ण अ‍ॅक्सल तिरका होतो, फिरत्या चाकांच्या घूर्णी परिणामामुळे दोन्ही चाके बाजूला वळू पाहतात, वळली की अ‍ॅक्सल पुन्हा उलट दिशेने कलतो आणि हे चक्र चालू राहते. १९२० च्या दशकात फुगीर टायर आले, तेव्हा साध्या मोटारींनाही याने हैराण केले होते, आणि नंतर पुढच्या चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) स्वीकारले जाण्यामागे हे एक मोठे कारण होते. २०१० पासूनच्या थारला पुढे असे सस्पेन्शन असल्यामुळे तिच्या मालकांचे उपाय तुमच्या जिप्सीला जसेच्या तसे लागू करू नका. मूळ २०५/७० आर १५ पेक्षा तुमचे टायर व्यासाने सुमारे साडेसहा सेंटीमीटर मोठे आणि बरेच जड आहेत. मूळ टायरवर खपून गेलेला ढिलेपणा त्यांच्याखाली उघडा पडतो.

तपासणीची सुरुवात गाडी जमिनीवर उभी ठेवून करावी. मदतनिसाने स्टीअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि तुम्ही खाली वाकून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा: टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) एंड, ड्रॅग लिंकची (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोके, स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि बॉक्स जिथे बसतो तिथला चेसिसचा पत्रा, कमानपाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट. सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा मागून येतो, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. या टप्प्यावर मेकॅनिक बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले (ढिलेपणा) काढतो म्हणाला, तर त्याला थांबवा, कारण तो जास्त आवळला की वळणानंतर स्टीअरिंग सरळ परत येत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

त्यानंतर अ‍ॅक्सलखाली जॅक व स्टँड लावून चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिले आहे. तसाच राहिला तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिचे, बेअरिंग गेले आहे. जिप्सीत माझा पहिला संशय नेहमी किंगपिनवर असतो. गोल नकलचे (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागाचे) सील फाटले की पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि सरळ चालताना रोलर ज्या जागी बसतात, तिथेच रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खाचा पडतात. टाय रॉड सोडून नकल हाताने फिरवल्यास मध्यावर ते अडकल्यासारखे जाणवते. अशा वेळी वरची-खालची दोन्ही बेअरिंगे रेससह बदलावीत, सीलही नवे टाकावे आणि किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून योग्य ताण साधावा. शिम काढली की ताण वाढतो. हा ताण अंदाजाने ठरवू नये. टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून नकल किती ओढीला हलू लागते ते मोजावे आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावे. बेअरिंग ठीक दिसले तरी हे मोजमाप टाळू नका, कारण योग्य ताणलेल्या किंगपिनचे घर्षणच हेलकाव्याला पहिला अटकाव करते.

आता शॅकल. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून ती सरळ धावते. तसाच कल किंगपिनलाही दिलेला असतो आणि त्याला कॅस्टर म्हणतात. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे ते लांब केले की पाट्याचे ते टोक खाली जाते, अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर घटतो. अलाइनमेंट केंद्रातून फक्त टो-इन (चाकांची पुढची बाजू किती आत वळलेली आहे ते) करून न घेता कॅस्टरचा आकडा छापून मागा, दोन्ही बाजूंचा. तो कमी असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून कल परत आणता येतो. पण त्याच वेळी पिनियनचे (अ‍ॅक्सलमध्ये ताकद आत घेणाऱ्या दातेरी चाकाचे) तोंड खाली जाते आणि त्याला जोडलेल्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. फार मोठी पाचर लागत असेल, तर मी शॅकलच मूळ मापाचे बसवीन आणि उंची चांगल्या पाट्यांनी मिळवीन.

हे सगळे होईपर्यंत गाडी हमरस्त्यावर नेऊ नका. थरथर सुरू झालीच, तर अंगठे स्टीअरिंगच्या आरांबाहेर ठेवून पकड घट्ट करा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी कडेला घेत वेग हळूहळू उतरू द्या. सध्याचा डॅम्पर दोष शोधेपर्यंत तसाच राहू द्या. दुरुस्ती झाल्यावर त्यातून तेल गळते का किंवा तो हाताने दाबल्यावर अगदी सहज आत जातो का, एवढे पाहून मगच नवा घ्यायचा की नाही ते ठरवा.