आई-बाबांना शिकागोत उघड्यावरचं संगीत कुठे ऐकवावं?

तुमचा प्रश्न असा, की आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून नेपरव्हिलला, म्हणजे शिकागोच्या उपनगरात, येतायत. त्यांना शिकागोतला एखादा उघड्यावरचा महोत्सव दाखवायचाय, तर लोलापालूझाची तिकिटं काढावीत का? माझं ऐकाल तर काढू नका. जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमारास चार दिवस ग्रँट पार्कात तो भरतो. तुफान गर्दी, भर उन्हात उभं राहायचं आणि या स्टेजवरून त्या स्टेजपर्यंत पायपीट. तुमच्या मुलांना खुशाल पाठवा. सवाईला तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या माणसांसाठी त्याच परिसरात याहून चांगलं ऐकायला मिळतं, तेही फुकट.

पहिली पसंती ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल. 1935 साली, महामंदीच्या दिवसांत, इथल्या वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या पुढाकाराने हा सुरू झाला. सार्वजनिक बागेत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, सगळ्यांना मोफत, हा परिपाठ अजून चालू आहे. 2004 पासून तो मिलेनियम पार्कातल्या प्रिट्झकर पॅव्हिलियन या खुल्या रंगमंचावर होतो. साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बहुतेक बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी. पुढच्या काही खुर्च्या सभासदांसाठी राखीव असतात. त्यामागे किंवा हिरवळीवर कुठेही बसा.

हिरवळीवर बसलात की बाबांना वर बघायला सांगा. अख्ख्या मैदानावर पोलादी नळ्यांची जाळी आहे आणि तिला स्पीकर टांगलेत. स्टेजपासून शंभर मीटरवर प्रत्यक्ष आवाज पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो, तारेतून तो तत्क्षणी येतो. म्हणून मागच्या स्पीकरांचा आवाज मोजून उशिरा सोडतात. त्यामुळे अगदी मागे बसलं तरी व्हायोलिन डोक्यावरून नाही, समोरून वाजतंय असंच वाटतं. उघड्यावर इतका स्वच्छ आवाज मी फार कमी ठिकाणी ऐकलाय.

आई-बाबा जूनच्या सुरुवातीलाच पोचणार असतील तर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्या-बजावण्याचा फेस्टिव्हल अजिबात चुकवू नका. तोही मोफत, आणि 2017 पासून याच पार्कात. जाण्याआधी त्यांना थोडी पार्श्वभूमी सांगा, ऐकण्यात फरक पडतो. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं कामासाठी शिकागोला आली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारातल्या कलकलाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून वादकांनी ॲम्प्लिफायर लावले. ब्लूजचा नामवंत गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये असाच इथे आला. 1983 मध्ये तो वेस्टमाँट या उपनगरात वारला आणि पुढच्याच वर्षी हा महोत्सव सुरू झाला. वेस्टमाँट तुमच्याच बीएनएसएफ लाइनवर, म्हणजे नेपरव्हिलहून शहरात जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर आहे, जाताना स्टेशन लागलं की दाखवा.

शहराच्या उत्तरेला असलेल्या रॅव्हिनिया या उघड्यावरच्या मैफलींच्या जागेबद्दलही विचारलंत. 1904 पासूनची ती जागा सुंदरच आहे. शिकागो सिंफनी हा वाद्यवृंद उन्हाळ्यात तिथे वाजवतो, लोक गवतावर टेबलं मांडून जेवतात. पण तिकीट आहे आणि नेपरव्हिलहून शहरात येऊन दुसरी मेट्रा (इथली लोकल) पकडावी लागते. पहिल्याच फेरीत एवढी दगदग नको.

आता सोय. युनियन स्टेशनपासून पार्क वीसेक मिनिटं चालत; गुडघे दुखत असतील तर बस किंवा टॅक्सी करा. सतरंजी न्याच, पण आईसाठी कमी उंचीची घडीची खुर्चीही असू द्या. शाल आणि स्वेटर हवेतच, दिवसा घाम निघाला तरी संध्याकाळी मिशिगन तळ्यावरून गार वारा सुटतो. गेटवर बॅगा तपासतात. काय आत नेता येतं ते त्या-त्या कार्यक्रमाच्या साइटवर आदल्या दिवशी बघा, नियम सगळीकडे सारखे नसतात. विजा चमकू लागल्या की मैदान रिकामं करायला सांगतात. तेव्हा सामान आवरत बसू नका, आधी दोघांना आडोशाला न्या. परतीच्या गाडीची वेळ घरून निघतानाच बघून ठेवा, रात्री गाड्यांमधलं अंतर वाढतं. त्यासाठी शेवटची रचना अर्धवट सोडावी लागली तरी चालेल, पुढच्या बुधवारी पुन्हा जाता येईल.