पांढरं लाकूड लेथवर कातलं की आत निळे-काळे डाग का निघतात? ते पांढरं ठेवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये गावाहून काळ्या कुड्याचे ओंडके आणले, गॅरेजमध्ये रचून ठेवले आणि ऑगस्टमध्ये वाटी कातायला घेतली तर आत निळसर करड्या रेघा, कितीही पॉलिश पेपर मारला तरी जात नाहीत. जाणारही नाहीत, कारण ती बुरशी आहे आणि तिचा रंग लाकडात खोलवर गेलेला असतो. (नाव काळा कुडा आणि लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी परंपरेने याचीच.)

मी कुडाळचा, हौस म्हणून कातकाम करतो, आणि माझी पहिली पाच-सहा लाकडं अशीच गेली. यूट्यूबवर थंड देशातला एक बाबा सांगत होता की ओलं लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा म्हणजे हळू सुकेल आणि तडकणार नाही, मी ते कोकणात जूनमध्ये केलं, आठ दिवसांनी पिशवी उघडली तर आत नुसती लव, आणि वास तर विचारूच नका.

या बुरशीला लाकडातली साखर-स्टार्च, हवा, ऊब आणि साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट की लाकूड सुकून सुकून १८-१९ ला अडकतं, म्हणजे ती कायम उंबरठ्यावरच. म्हणून लाकूड दिवाळीनंतर, फार तर शिवरात्रीपर्यंत तोडलेलं घ्या. म्हातारी माणसं थंडीत आणि तेही वद्य पक्षात तोडा म्हणतात, त्यातलं मला चंद्राचं काही पटत नाही पण थंडीचं शंभर टक्के पटतं.

तोडल्यावर खरी घाई. दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, ते लाकूड पण असंच फिकट, आणि त्याला तर एक-दोन दिवसच मिळतात, तेवढ्यात चिरून औषधात बुडवलं नाही तर निळं पडायला लागतं. कुडा, पांगारा, आंबा यांना थोडी जास्त सवलत, पण आठवडाभर ओंडका अंगणात पडलाय असं नको. तोडल्या तोडल्या दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्या (तडा आणि बुरशी दोन्ही तिथूनच शिरतात), दोन-तीन दिवसांत साल काढून उभा चिरा आणि लगेच ओबडधोबड वाटी कातून टाका, भिंतीची जाडी व्यासाचा दहावा भाग ठेवायची, म्हणजे ८ इंचाच्या वाटीला पाऊण-एक इंच.

आता माझी आवडती युक्ती, ती ओबडधोबड वाटी उकळायची. एक इंच जाडीला एक तास, पाण्याला उकळी फुटल्यापासून धरायचा. बुरशी मरते, थोडी साखर पाण्यात उतरते, आणि काही लाकडं बुरशीशिवाय नुसत्या हवेने तपकिरी पडतात (सफरचंद कापून ठेवल्यावर होतं ना, तसंच) त्यालाही आळा बसतो. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं घ्या, लोखंडी कढई नको, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) भेटलं की शाईसारखा काळा डाग. याच कारणाने ओली वाटी रात्रभर लेथच्या चकमध्ये (वाटी पकडणाऱ्या लोखंडी जबड्यात) अडकवून ठेवू नका. तो लोखंडाचा डाग मात्र ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, हातमोजे घालून लावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. बुरशीच्या डागावर त्याचा उपयोग नाही.

उकळल्यावर पाणी निथळलं की सावलीत, चारी बाजूंनी वारा लागेल अशी ठेवायची. खाली ज्या पट्ट्या घालाल त्या पूर्ण सुक्या हव्यात, ओल्या पट्टीचा आडवा डाग उठतो आणि तो पण आत जातो. पहिले काही दिवस मी टेबल फॅन लावतो, बायको म्हणते लाकडाला पंखा आणि आम्हाला घाम. तडे जायला लागले तर पंखा बंद करून वर कागद गुंडाळायचा.

लाकूड पोखरणारा भुंगा लागू नये म्हणून दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड टाकून त्यात बुडवतात. पण बुरशीवर ते एकटं फारसं चालत नाही, सुकवणं टळत नाही, आणि खाण्याच्या भांड्याला मी ते लावतच नाही.

शेवटी फिनिश. एवढं करून वर जवसाचं तेल फासलं तर लाकूड आपोआप पिवळं. चपडा लाखेनेही भगवी झाक येते. पांढरंच हवं तर पाण्यातलं ॲक्रेलिक किंवा ब्लीच केलेली लाख, आणि वस्तू उन्हात ठेवायची नाही.

तुमच्याकडच्या निळ्या पडलेल्या वाट्या जाळू नका हो. या बुरशीने लाकडाची ताकद फारशी जात नाही, नखाने दाबून बघा, मऊ लागलं तरच कुज समजा. घट्ट असेल तर सावंतवाडीची लाकडी फळं रंगवतात तसा जाड रंग द्या, आतला डाग कुणाला दिसतोय.