वाचक विचारतात : जुन्या अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासाठी परवडणारा टर्बो

प्रश्न : माझी १९७२ ची शेव्हर्लेची शेव्हेल आहे, ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, दोन बॅरलचा (दोन गळ्यांचा) कार्बोरेटर, बाकी सगळं कंपनीचंच. आम्ही चार मित्र मिळून एकाच मापाचं टर्बो किट बनवावं म्हणतोय. चारांपैकी दोन गाड्या शेव्हेल, एक १९७० ची नोव्हा आणि एक १९६९ ची कॅमॅरो. वेल्डिंग येतं. खर्च आटोक्यात ठेवायचा तर सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) विकत घ्यायच्या आधी एक आकडा कागदावर लिहून ठेवा : ७ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड). हा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब. किट स्वस्त होतं ते या आकड्यामुळेच. एवढ्या बूस्टला इंजिनाचे मूळ ओतीव पिस्टन, ओतीव क्रँक आणि त्याला धरून ठेवणारे दोन बोल्टांचे मेन कॅप तसेच चालतात. ७ चे १२ केले की फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, हेडचे स्टड, गिअरबॉक्स एकेक करून पैसे मागू लागतात आणि किटपेक्षा इंजिनच महाग पडतं.

१९७२ च्या दोन बॅरलच्या ३५० ला कंपनीने १६५ अश्वशक्तीचा आकडा दिला होता आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५:१ ठेवलं होतं. त्या काळच्या इंजिनांना लोक नावं ठेवतात, पण टर्बोसाठी हेच कमी कॉम्प्रेशन सोयीचं. कामाला हात घालण्याआधी लीकडाउन चाचणी (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणारी) मात्र करा. आठही सिलिंडरांची गळती १० टक्क्यांच्या आत हवी. दमलेल्या इंजिनावर टर्बो चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. इंजिन उघडलेलंच असेल तर रिंगांच्या फटी वाढवून घ्या. ४ इंच बोअरला साध्या इंजिनात साधारण १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवतात, तुम्ही २४ ठेवा. बूस्टखाली वरची रिंग जास्त तापून फुगते, टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनचा माथाच उचकटून निघतो.

आता टर्बोचं माप. ३५० क्युबिक इंच गुणिले मिनिटाला ५००० फेरे, भागिले ३४५६ (१७२८ घनइंचांचा एक घनफूट, आणि दर दोन फेऱ्यांना एकदाच हवा आत), म्हणजे मिनिटाला ५०६ घनफूट. मूळ हेड आणि कॅम धरून यातलं ८० टक्के आत जातं असं समजा : ४०५ घनफूट, वजनात सुमारे २८ पाउंड. ७ पीएसआयला दाबाचं गुणोत्तर १.४८, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या १.४८ पट. पण दाबलेली हवा तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा, कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तर, ७७ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ती ४२ च्या आसपास आणतो आणि वजनाच्या हिशेबात हवा साधारण १.३८ पट होते. म्हणजे मिनिटाला ३९ पाउंड. एका पाउंडाला साडेनऊ अश्वशक्ती हा ठोकताळा धरला तर क्रँकवर ३७० च्या घरात. फिल्टर आणि इंटरकूलरमधली घट धरून कॉम्प्रेसरच्या नकाशावर (उत्पादकाच्या कार्यक्षमतेच्या आलेखावर) ३९ पाउंड आणि १.५५ गुणोत्तर हा बिंदू शोधा. तो कार्यक्षमतेच्या मधल्या बेटात पडला पाहिजे. कॉम्प्रेसर चाकाचं तोंड ६० ते ६२ मिमी, टी-४ मापाची फ्लँज आणि ०.८१ ते ०.९६ मापाचं टर्बाइन हाउसिंग (धूर ज्यातून जातो ते कवच) असलेला एकच टर्बो पुरेसा आहे.

डिझेल पिकअपचा टर्बो भंगारात स्वस्त मिळतो, त्याचा मोह होईल. पण तो कमी फेऱ्यांच्या आणि जास्त दाबाच्या इंजिनासाठी बनलेला असतो. व्ही-८ चा धूर त्याच्या छोट्या टर्बाइन हाउसिंगमध्ये तुंबतो, एक्झॉस्टमधला दाब बूस्टच्या दुप्पट होतो आणि जळलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्येच राहतो. डिझेल पिकअपचा इंटरकूलर मात्र खुशाल घ्या, आतून धुऊन.

सगळ्यात मोठी बचत आहे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागात. स्मॉल ब्लॉक शेव्हीची (तुमचं ३५० त्याच घराण्यातलं) दोन्ही हेड सारखीच असतात. म्हणून मागे तोंड असलेली ओतीव लोखंडी मॅनिफोल्डं डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवली की दोन्ही तोंडं पुढे येतात. ओतीव लोखंड जाड असतं, उष्णता धरतं, वर्षानुवर्षं तडकत नाही. पातळ नळीचे हेडर टर्बोचं वजन घेऊन सांध्यात फुटतात. त्या लोखंडावर वेल्डिंग करू नका, बोल्टची फ्लँज लावा. पुढच्या बाजूचा आल्टरनेटरचा ब्रॅकेट आडवा येतो, तो नव्याने बनवावा लागेल.

चार गाड्यांसाठी जिग (वेल्ड करताना भाग मापात धरून ठेवणारे साचे) दोनच लागतील. दोन्ही शेव्हेल एकाच चौकटीच्या. नोव्हा आणि त्या काळची कॅमॅरो यांची पुढची सबफ्रेम एकाच घडणीची. इंजिनाकडचे भाग चौघांचे समान राहतील, बदलेल ती एका बाजूचा धूर दुसरीकडे नेणारी, खालून आडवी जाणारी क्रॉसओव्हर नळी आणि टर्बोनंतरचा ३ इंची पाइप. जिगसाठी भंगारातला ब्लॉक आणि दोन हेड घ्या. सगळे तुकडे त्यावर बोल्टने आवळून आधी नुसते टाके मारा, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं थोडं थोडं वेल्ड करा. तरीही फ्लँज वाकतेच, म्हणून शेवटी मिलिंगवर तिचं तोंड सपाट करून घ्या. क्रॉसओव्हरमध्ये एक लवचीक बेलोज टाकायला विसरू नका. तापून नळी लांब होते आणि बेलोज नसेल तर गॅस्केट फुंकते. स्टिअरिंग बॉक्सपासून दीड-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवा, कारण ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन माउंटवर कलतं.

वेस्टगेट (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) ४४ मिमीचा, दोन्ही बाजूंचा धूर एकत्र येतो त्याच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने तिरका लावा. काटकोनात लावला तर धूर तिकडे वळतच नाही. मग ३५०० फेऱ्यांना ७ असलेला बूस्ट ५००० ला ११ वर सरकतो, आणि पिस्टन मोडतात ते नेमके तिथे.

प्रश्न : १९६८ ची कॅमॅरो, ३५० इंजिन, होली कंपनीचा चार बॅरलचा कार्बोरेटर आणि त्यावर टर्बोची हवा सोडणारी टोपी. बूस्ट ६ पीएसआय. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप ७ पीएसआयवर लावला आहे. पूर्ण गळा उघडला की ४००० ला गाडी अडखळते आणि मिश्रण एकदम पातळ (पेट्रोल कमी) दिसतं. मोठे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) टाकूनही फरक नाही.
— एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : जेटचा दोष नाही. टोपीत ६ पीएसआय असतात तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीतही (जिथे पेट्रोल साठतं) तेच ६ भरतात. पंप ७ ने ढकलतो, म्हणजे पेट्रोल आत जायला उरला १ पीएसआय. वाटी रिकामी होते. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत जोरात चालवू नका.

बूस्टची नळी जोडता येणारा, परतीची वाट असलेला रेग्युलेटर लावा. संदर्भाची नळी टोपीतूनच घ्या, कार्बोरेटरखालच्या इनटेक मॅनिफोल्डमधून नको. बूस्ट नसताना ६, आणि ६ च्या बूस्टला १२ असा पेट्रोलच्या दाबाचा काटा दिसला पाहिजे. वरच्या ७ पीएसआयच्या किटच्या ३७० अश्वशक्तीला ताशी सुमारे १४० लिटर पेट्रोल लागतं, आणि पंपाने तेवढं १३ पीएसआयच्या विरुद्ध द्यायला हवं. उघड्या नळीवरचा आकडा पाहून पंप घेतला की हमखास फसगत होते. इंजिनावरचा जुना यांत्रिक पंप काढून प्लेट लावा.

वाटीत पितळी पोकळ फ्लोट (तरंगे) असतील तर तेही बदला. दाबाने ते चेपतात, बुडतात. भरीव नायट्रोफिलचे घ्या. मग वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) लावून बूस्टखाली ११.५:१ येईपर्यंत आधी पॉवर व्हॉल्व्हमागची भोकं आणि नंतर जेट वाढवत जा. मीटरशिवाय हे काम करूच नये.

टायमिंगबद्दल (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते) तुम्ही लिहिलेलं नाही. ३४ ते ३६ अंशांचं जुनं सेटिंग तसंच असेल तर तेही खाली आणा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा यांत्रिक ॲडव्हान्स १२ अंशांवर अडवायचा आणि बेस (सुरुवातीचा कोन) १६ ठेवायचा. एकूण २८. ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, इंटरकूलरसह, सुरुवातीला एवढंच. प्लग एक पायरी थंड घ्या, फट २८ ते ३० थाऊ. ४५ थाऊची फट दाबाखाली ठिणगी विझवते आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

प्रश्न : माझं १९७० चं ३५० इंजिन ३०० अश्वशक्तीचं, कॉम्प्रेशन १०.२५:१. टर्बो किट ५ पीएसआयवर चालेल का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाही. ओल्डस्मोबिलने १९६२ च्या जेटफायरमध्ये नेमकं हेच केलं होतं : २१५ क्युबिक इंचाचा ॲल्युमिनियमचा व्ही-८, १०.२५:१ कॉम्प्रेशन आणि वर गॅरेटचा टर्बो. नॉकिंग (मिश्रणाचा सिलिंडरमधला अवेळी स्फोट) थांबवण्यासाठी त्यांना ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण टाकीतून फवारावं लागलं. मालक टाकी भरायला विसरत, आणि अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवले गेले. तुम्ही ७६ सीसीच्या ज्वलनकक्षाची जुनी लोखंडी हेड शोधा. भंगारात ती पडून असतात, आणि कॉम्प्रेशन ९ च्या आसपास उतरलं की ५ पीएसआयचा विचार करता येईल.

प्रश्न : नवा टर्बो लावल्यापासून सिग्नलला उभं राहिलं की निळा धूर येतो. दुकानदार म्हणतो सील ठीक आहे.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : दुकानदार बहुधा खरं बोलतोय. टर्बोतून तेल दाबाने बाहेर येत नाही, फेसाळलेलं, नुसतं वजनाने खाली उतरतं. परतीची नळी आतून किमान अर्धा इंच, शक्यतो त्याहून मोठी, कुठेही पोट न काढता सरळ खाली, आणि ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. पातळीखाली जोडली की तेल तुंबून सीलमधून झिरपतं. ते ठीक असेल तर पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी झडप) बघा. बूस्ट त्या वाटेने क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल उतरू देत नाही. त्या नळीत एकदिशा झडप टाका आणि दोन्ही टॅपेट कव्हरांतून मोकळा श्वास द्या.

प्रश्न : पुण्यात माझ्याकडे १९६८ ची मस्टँग आहे. भारतात असं किट लावता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रस्त्यावर चालवायची असेल तर लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. टर्बो लावलात तर ती वाट बंद होते. तुमच्या २८९ किंवा ३०२ क्युबिक इंचाच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नीट जुळवलेला कार्बोरेटर आणि पुढच्या डिस्क ब्रेकांची तपासणी एवढं आधी करून घ्या.