वाचकांचे प्रश्न : परिषद नुसता सल्ला देते, मग तिचा उपयोग काय?

गेल्या अंकात संरक्षित सागरी क्षेत्रांविषयी लेख प्रसिद्ध झाला. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. अशा क्षेत्रांच्या कारभारात स्थानिकांना बसवणाऱ्या सल्लागार परिषदा खरोखर काही करतात की केवळ देखाव्यासाठी असतात, असे वाचक विचारतात. त्यांपैकी काही प्रश्न थोडे आटोपशीर करून येथे घेतले आहेत. उत्तरांतील उदाहरणे अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी अभयारण्यांची आहेत, कारण तेथे या परिषदांसाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे आणि त्यांच्या यशापयशाची नोंद लेखी स्वरूपात उपलब्ध आहे.

प्रश्न : सल्लागार परिषदेला निर्णयाचा अधिकार नसतो, असे आपणच लिहिले आहे. ज्यांचे म्हणणे मानणे प्रशासनावर बंधनकारक नाही, अशा मंडळात लोकांनी आपला वेळ का घालवावा?

उत्तर : परिषद परवाने देत नाही, दंड आकारत नाही आणि नियमही करत नाही. ती अभयारण्याच्या अधीक्षकांना सल्ला देते आणि तो नाकारण्याची मुभा त्यांना असते. एवढ्यावरून तिचे वजन शून्य मानणे मात्र चूक ठरेल, कारण एरवी एकमेकांच्या विरोधात उभे राहणारे लोक एखाद्या शिफारशीवर आधीच सहमत झाले असतील, तर ती बाजूला सारणे कोणत्याही प्रशासनाला जड जाते.

मेक्सिकोच्या आखातातील फ्लॉवर गार्डन बँक्स या प्रवाळक्षेत्राचे उदाहरण पाहा. भोवताली तेल आणि वायूचा मोठा व्यवसाय, शिवाय मासेमारी. अभयारण्याचे क्षेत्र ५६ चौरस मैल होते आणि २०१६ साली प्रशासनाने ते ३८३ चौरस मैलांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर परिषदेच्या कार्यगटाने समुद्रतळावरचा एकेक उंचवटा स्वतंत्रपणे तपासला आणि सीमारेषा प्रवाळाच्या जवळून नेत नवा नकाशा तयार केला. परिषदेने २०१८ साली तो प्रशासनाकडे पाठवला. २०२१ मध्ये जी वाढ झाली, ती मूळ प्रस्तावाप्रमाणे न होता परिषदेच्या शिफारशीला अनुसरून झाली : १४ नवे प्रवाळ-उंचवटे आणि एकूण सुमारे १६० चौरस मैल. इतके कमी क्षेत्र पाहून संवर्धनाचे काम करणाऱ्यांना हळहळ वाटली असेल, तर ती मी समजू शकतो, मलाही वाटली. तरीही जेवढे मिळाले ते परिषदेने सुचवले म्हणून मिळाले, आणि त्या परिषदेला निर्णयाचा अधिकार नव्हता.

प्रश्न : सदस्य कोण निवडतो? प्रशासनच निवडत असेल, तर ते आपल्याला हवे तेच बोलणारे लोक बसवणार नाही का?

उत्तर : हा धोका खरा आहे. अमेरिकेत सदस्यांची नेमणूक सरकारी यंत्रणाच करते. त्यावर उतारा म्हणून जागा व्यक्तींसाठी न ठेवता गटांसाठी ठेवल्या जातात : व्यावसायिक मासेमार, हौशी मासेमार, पाणबुडे, पर्यटन व्यावसायिक, संशोधक, शिक्षक, संवर्धन संस्था, स्थानिक शासन. काही परिषदांत तरुणांसाठीही जागा असते, आणि हवाई बेटांच्या वायव्येकडील संरक्षित क्षेत्राच्या परिषदेत तेथील मूळ रहिवाशांसाठी जागा राखल्या आहेत. जागा भरायची झाली की जाहीरपणे अर्ज मागवले जातात. १९९२ साली कायद्यात परिषदांची तरतूद झाली, तेव्हा त्यानंतर घोषित होणाऱ्या अभयारण्यांच्या परिषदांसाठी १५ सदस्यांची कमाल मर्यादाही घातली गेली. ही मर्यादा मला शहाणपणाची वाटते. चाळीस जणांच्या सभेत भाषणे होतात; पंधरा जणांना एकमेकांना उत्तर द्यावे लागते.

परिषद प्रामाणिकपणे नेमली आहे की नाही, हे ओळखायचे असेल तर आधी सदस्यांची नावे पाहू नका, जागांची यादी पाहा. संरक्षणामुळे ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार आहे, त्यांच्यासाठी जागा आहे का? आणि त्या जागेवर बसलेल्या माणसाला त्याचे व्यवसायबंधू आपला मानतात का? या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर बाकी रचना कितीही नीटस असली तरी तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न : मी मासेमार आहे. आमच्या पाण्यात संरक्षित क्षेत्र होऊ घातले आहे आणि परिषदेतील मासेमारांच्या जागेसाठी मी अर्ज करावा, असा आग्रह होत आहे. मी तेथे बसलो तर उद्या बंदीला माझी संमती होती असे म्हणतील, आणि नाही बसलो तर आमच्याविना नकाशा तयार होईल. मी काय करावे?

उत्तर : आलेल्या पत्रांत आपले पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. आपली कोंडी खरी आहे आणि आपल्या आधी अनेकांनी ती सोसली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फ्लोरिडा कीज हे अभयारण्य १९९० साली घोषित झाले. त्याच्या पहिल्या आराखड्यात काही भाग मासेमारीला पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव होता आणि त्या बंद पट्ट्यांतील एक मोठा पट्टा तोर्तुगास बेटांजवळ होता. या रेषा वरून आल्या आहेत, अशी मासेमारांची भावना झाली. संताप इतका वाढला की अधीक्षकांच्या पुतळ्याला प्रतीकात्मक फाशी दिली गेली, आणि १९९६ च्या स्थानिक सार्वमतात बहुसंख्यांनी अभयारण्याच्याच विरोधात कौल दिला. कौल बंधनकारक नव्हता, पण त्याचा अर्थ स्पष्ट होता. १९९७ च्या अंतिम आराखड्यातून तोर्तुगासचा प्रस्ताव वगळून तो पुढच्या चर्चेसाठी ठेवण्यात आला.

पुढची चर्चा वेगळ्या रीतीने झाली. सल्लागार परिषदेच्या छत्राखाली २५ जणांचा कार्यगट नेमला गेला आणि त्यात व्यावसायिक मासेमार, हौशी मासेमार, पाणबुडे, संशोधक आणि संवर्धनवादी एकत्र बसले. चौकटी आखलेला नकाशा समोर आला. मासे विणीसाठी कोठे जमतात, कोणत्या उतारावर जाळे अडकते, कोणत्या महिन्यात कोणती होडी कोठे असते, हे मासेमारांना ठाऊक होते आणि यातले फारच थोडे कार्यालयीन कागदांत होते. आपले सर्वांत मोलाचे ठिकाण परक्या माणसांसमोर बोटाने दाखवणे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको. ते दाखवले गेले, म्हणूनच त्या ठिकाणांना वळसा घालणारी रेषा काढता आली. १९९९ मध्ये गटाचे एकमत झाले आणि जुलै २००१ पासून सुमारे १५१ चौरस सागरी मैलांचे राखीव क्षेत्र अमलात आले. त्यात रायलीज हम्प नावाचा एक उंचवटा येतो, जेथे मटन स्नॅपर जातीचे मासे उन्हाळ्याच्या सुरुवातीला पौर्णिमेच्या सुमारास विणीसाठी जमतात. अतिमासेमारीमुळे ते थवे जवळजवळ नाहीसे झाले होते. बंदीनंतर काही वर्षांनी संशोधकांना ते पुन्हा जमताना दिसले.

म्हणून माझे मत विचाराल तर आपण अर्ज करावा, पण काही गोष्टी आधी पक्क्या करून. परिषदेत भाग घेणे म्हणजे तिच्या प्रत्येक शिफारशीला संमती देणे नव्हे, हे परिषदेच्या सनदेत लिहिलेले असावे. नसेल तर पहिल्याच बैठकीत तसा ठराव मांडावा. आपले विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवले जाईल, याची हमी घ्यावी आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त मंजूर करताना ते शब्द जसेच्या तसे आले आहेत का, हे स्वतः वाचून पाहावे. आपल्या जागेसाठी पर्यायी सदस्य असेल, तर तो आपल्याच व्यवसायातला आणि शक्यतो आपल्यापेक्षा वेगळ्या प्रकारची मासेमारी करणारा असावा. प्रत्येक बैठकीआधी आपल्या लोकांत बसून त्यांचे म्हणणे ऐका आणि बैठकीनंतर तेथे काय झाले ते त्यांना सांगा, मग ते ऐकायला चार जण आले तरी चालेल. प्रतिनिधीवर संमतीचा ठपका येतो तो बहुधा तो बैठकीत काय बोलला यामुळे नव्हे, तर परतल्यावर त्याने काहीच सांगितले नाही यामुळे. आणखी एक गोष्ट लहान वाटेल, पण ती लावून धरा : होड्या पाण्यात असतात त्या वेळी बैठक ठेवू देऊ नका. मासेमारांची खुर्ची वारंवार रिकामी दिसली की त्यांना स्वारस्य नाही असा निष्कर्ष काढला जातो, आणि बैठकीची वेळ कोणी ठरवली होती हे कोणी पाहत नाही.

प्रश्न : एकमत झालेच नाही, तर सगळे श्रम वाया जातात का?

उत्तर : नाही. कॅलिफोर्नियाच्या चॅनल आयलंड्स अभयारण्यात १९९९ ते २००१ या काळात १७ जणांचा कार्यगट राखीव क्षेत्रांच्या नकाशावर चर्चा करत होता. समस्या काय आणि उद्दिष्टे कोणती, यावर त्यांचे एकमत झाले. नकाशावर झाले नाही. त्यांनी मतभेद लपवले नाहीत. दोन्ही बाजूंना मान्य असलेली ठिकाणे आणि वादातली ठिकाणे एकाच नकाशावर दाखवून तो पुढे पाठवला. २००३ साली तेथील राज्याच्या हद्दीत राखीव क्षेत्रांचे जाळे अमलात आले, तेव्हा या कामाचा आधार होताच.

त्या प्रक्रियेतील एक गोष्ट मात्र मला खटकते. शास्त्रज्ञांची समिती वेगळी बसली आणि तिने ३० ते ५० टक्के क्षेत्र राखीव ठेवावे असे सुचवले. त्यांचे शास्त्र चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण चर्चा चालू असताना असा आकडा बाहेरून आला, की उत्तर आधीच ठरले आहे असे समोरच्याला वाटते. शास्त्रज्ञ त्याच टेबलाशी बसावेत आणि प्रश्नांना तेथेच उत्तरे द्यावीत, हे बरे.

प्रश्न : हे सारे समुद्रापुरते झाले. गोड्या पाण्याच्या सरोवरांना हीच पद्धत लागू पडते का?

उत्तर : पडते, थोड्या फरकाने. ह्युरॉन सरोवरातील थंडर बे हे अमेरिकेचे गोड्या पाण्यातले पहिले राष्ट्रीय अभयारण्य २००० साली घोषित झाले. तेथे संरक्षण द्यायचे होते ते बुडालेल्या जहाजांना. थंड गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे नसतात, त्यामुळे शतकापूर्वीच्या जहाजांचे लाकडी सांगाडे तेथे अजून टिकून आहेत. पाणबुड्यांची नाव वर येऊन थांबते आणि लोखंडी नांगर खाली सोडते, तेव्हा दीडशे वर्षे टिकलेला कठडा एका ओढीत निखळू शकतो. म्हणून अशा जहाजांजवळ कायमस्वरूपी बोये बसवले जातात, म्हणजे नाव दोराने बोयाला बांधता येते आणि नांगर टाकावाच लागत नाही. असे बोये आधी कोठे हवेत, हे तेथे वारंवार बुडी मारणारेच सांगू शकतात.

सुरुवातीला अल्पेना या काठावरच्या गावाने १९९७ च्या मतदानात अभयारण्याला मोठ्या फरकाने नकार दिला होता. सरकारी बंधने वाढतील, ही भीती होती. पुढे राज्य आणि केंद्र यांनी मिळून कारभार करावा, पाच वर्षांनी राज्याला बाहेर पडण्याची मुभा असावी आणि नियम बुडालेल्या जहाजांपुरतेच असावेत, असे ठरले. राज्य बाहेर पडले नाही. २०१४ साली अभयारण्य ४४८ चौरस मैलांवरून सुमारे ४,३०० चौरस मैलांवर गेले आणि या वेळी स्थानिकांचा त्याला पाठिंबा होता.

गोड्या पाण्याच्या परिषदेत एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. सरोवराचे बरेवाईट त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या वरच्या अंगाला ठरते, म्हणून तेथील शेतकरी आणि सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिका यांच्यासाठी जागा हवीच. नुसते काठावरचे लोक बसवले, तर ते ज्यावर बोलतील ते बदलणारा माणूस बैठकीत नसेल.

प्रश्न : मी सदस्य नाही. बैठकीत मला बोलता येते का?

उत्तर : अमेरिकेच्या कायद्यानुसार परिषदेच्या बैठका सर्वांना खुल्या असतात, त्यांची वेळ, स्थळ आणि विषयपत्रिका आधी स्थानिक पातळीवर प्रसिद्ध करावी लागते आणि विषयपत्रिकेवरील बाबींवर कोणालाही तोंडी किंवा लेखी निवेदन देता येते. इतरत्र जेथे परिषदेची सनद तयार होत असेल, तेथे या तिन्ही तरतुदी मागून घ्याव्यात. बोलताना एकच मुद्दा धरा आणि तो विषयपत्रिकेतील नेमक्या कोणत्या बाबीशी संबंधित आहे ते आरंभीच सांगा. इतिवृत्तात चर्चेचा फक्त सारांश येतो. म्हणून आपल्या निवेदनाची सही व तारीख असलेली लेखी प्रत बैठक सुरू होण्यापूर्वीच इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात द्या.