शैवालाची दगडी (कासदाह) आणि गोठ्यातलं जंतुनाशक

प्रश्न : राऊजवळ आमच्या अकरा संकरित गायी आहेत, धारा मशीनवर काढतो. एकीच्या मागच्या डाव्या सडातून पाण्यासारखं दूध आणि गुठळ्या येतात. ताप नाही, कास लाल नाही, चारा नीट खाते. सडात ट्यूबा सोडून झाल्या, फरक नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दूध तपासलं तेव्हा प्रोटोथिका नावाचं शैवाल निघालं. शेजारचे म्हणतात, तळ्यातलं शेवाळ मोरचुदानं मरतं, तेच वापरा. कुणी फिनाइल सांगतं. काय फवारावं?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, जंतुनाशक वापरायचं ते तुमच्या बाकीच्या दहा गायींसाठी. जिच्या कासेत शैवाल शिरलंय, ती त्यानं बरी होत नाही. सडातून मोरचूद आत सोडू नका, नाहक कास जळेल. अँटिबायोटिकच्या ट्यूबाही आता थांबवा. प्रोटोथिका हे क्लोरेला या हिरव्या शैवालाच्या नात्यातलं, पण हिरवा रंग गमावलेलं शैवाल आहे. शेणात, चिखलात, सांडपाण्यात अंधारातही वाढतं. गायीच्या कासदाहात ते जर्मनीत १९५२ साली नोंदलं गेलं, आणि अजून त्यावर खात्रीचं औषध नाही.

फवारण्याआधी खरवडा, हे मी प्रत्येक गोठ्यात सांगतो. शेणावर हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) ओतलं की क्लोरीन शेणावरच खर्ची पडतो, खालचं शैवाल जिवंत राहतं. मशीनचंही तसंच. दूध काढून झाल्याबरोबर कोमट पाण्यानं धुवा, मग साबण आणि ब्रश, पुन्हा पाणी, आणि मगच हायपोक्लोराइट किंवा पेरासेटिक अॅसिड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढा वेळ. हायपोक्लोराइट आणि अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. हायपोक्लोराइटचा कॅन उन्हात ठेवू नका. इंदूरच्या मे महिन्यात तर त्याची ताकद झपाट्यानं उतरते. लायनरचं, म्हणजे मशीनच्या कपात सडाभोवती बसणाऱ्या नळीचं, रबर आतून बोटानं चाचपून पाहा. भेगा असतील तर बदला, कारण प्रोटोथिका चिकट थर करून तिथेच बसतं आणि वरून ओतलेलं औषध त्या थराखाली पोचत नाही. स्टीलच्या बादल्यांना उकळतं पाणी उत्तम.

फिनाइल धारेच्या जागी नको, दुधाला वास लागतो. मोरचूदही नको. गोठ्यातल्या डबक्यात ते शेणाला बांधलं जाऊन निकामी होतं आणि जनावराच्या पोटात गेलं तर विष. डबकं बुजवा, नाली वाहती करा, हौदाभोवतीचा चिखल काढून मुरूम टाका. माझ्या मते तुमचे पैसे आधी इथे जावेत.

सडांसाठी आयोडीन चांगलं. मेडिकलमधल्या ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये उपलब्ध आयोडीन ०.५ टक्केच असतं, तेव्हा त्यात आणखी पाणी घालू नका. धारेआधी सड बुडवून अर्धा मिनिट थांबा, प्रत्येक गायीला वेगळ्या फडक्यानं पुसा. धारेनंतर पुन्हा बुडवा आणि लगेच गव्हाणीत चारा टाका, म्हणजे अर्धा तास ती उभी राहील आणि सडाचं उघडं तोंड शेणाला टेकणार नाही. पुढे कुठल्याही गायीच्या सडात ट्यूब सोडायची वेळ आली तर सडाचं टोक आधी स्पिरिटच्या कापसानं पुसा. ट्यूबेच्या टोकावरूनही ही घाण आत जाते.

आता त्या गायीचं. परदेशी पुस्तकं तिला कळपातून काढून कापायला सांगतात. आपल्या मध्य प्रदेशात गोवंशवधाला कायद्यानं बंदी आहे, आणि दूध देणाऱ्या गायीबाबत तुमच्या मनातही ते येणार नाही, हे मी जाणतो. पण न सांगता बाजारात विकणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पाठवणं. तिला वेगळं बांधा, तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं आटवा, म्हणजे तिचं दूध बंद करा. तोवर धार सगळ्यांच्या शेवटी, हातानं, वेगळ्या बादलीत. ते दूध डेअरीला नको, वासराला नको, गोठ्याच्या नालीतही नको. लांब खड्ड्यात टाकून माती लोटा. गोशाळेत द्यायची झाली तर तपासणीचा कागद सोबत द्या.

बाकी दहाही गायींची सीएमटी (गोठ्यातच होणारी कासदाहाची दूध-चाचणी) करा आणि ज्या सडात दूध जेलीसारखं घट्ट होईल, त्याचा नमुना महूला न्या. पहिल्या धारा टाकून, सडाचं टोक स्पिरिटनं पुसून, निर्जंतुक बाटलीत घ्या. प्रोटोथिका आधी निघालंय हे प्रयोगशाळेत आवर्जून सांगा, कारण काचेच्या बशीत ते यीस्टसारखंच दिसतं आणि वाढायला दोन-तीन दिवस घेतं. एकदा काही निघालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शैवाल दुधातून रोज बाहेर पडेलच असं नसतं, तेव्हा काही आठवड्यांनी तेच सड पुन्हा तपासून घ्या.