डेमरेज आणि डिटेन्शन: दोन्ही 'विलंब शुल्क'च का?

प्रश्न असा आहे: आयातीच्या बिलावर 'डेमरेज' आणि 'डिटेन्शन' असे दोन आकार येतात, मराठीत दोन्हींना 'विलंब शुल्क' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. विलंब शुल्क म्हटलं की परीक्षेचा फॉर्म आठवतो: मुदत चुकली, जादा पैसे भरा. इथे कंटेनर कुठे अडकलाय त्यावर सगळं ठरतं. समजा, न्हावा शेव्याला उतरलेल्या कंटेनरला बंदरात 5 दिवस मोफत आहेत आणि तो 8व्या दिवशी बाहेर पडला, तर 3 दिवसांचं डेमरेज. पुढे तो भिवंडीच्या गोदामात गेला, माल उतरला, पण रिकामा कंटेनर मुदतीत शिपिंग लाइनच्या (कंटेनर जिचा, त्या जहाज कंपनीच्या) यार्डात पोचला नाही, की डिटेन्शन सुरू. पहिलं टाळायचं तर जहाज लागायच्या आधीच बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद) भरून ठेवायची. दुसऱ्यासाठी गोदामात हमाल आणि परतीचा ट्रेलर तयार हवा. दोन्हींना एकच शब्द दिला तर वाचणाऱ्याने धावायचं कुठे? (काही लाइन दोन्हींचे मोफत दिवस एकत्र मोजतात, तेव्हा भाषांतराआधी करार वाचाच.)

डेमरेजच्या मुळाशी लॅटिन 'मोरा' आहे, म्हणजे उशीर. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपल्याकडे रेल्वेच्या मालधक्क्यावरही तो रुळलाय: वाघीण वेळेत रिकामी केली नाही की डेमरेज, उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला की व्हार्फेज. वॅगनची 'वाघीण' करणाऱ्या मराठीचं मला फार कौतुक वाटतं! 1989च्या रेल्वे कायद्यातलं डेमरेज म्हणजे गाडी-डबे मोफत वेळेपलीकडे अडकवून ठेवल्याचा आकार. म्हणजे रेल्वेचं डेमरेज हे कंटेनरवाल्यांच्या डिटेन्शनला जवळचं. संदर्भ न बघता शब्द उचलू नये तो यासाठी.

डिटेन्शनला 'स्थानबद्धता' तर मुळीच नको, ती माणसांची होते. आपल्याकडे 'खोटी' हा नेमका शब्द आहे: 'माझ्यामुळे तुमची खोटी झाली.' आपल्यापायी दुसऱ्याचं काम अडणं. लाइनचा कंटेनर आपण अडवतो तेव्हा हेच होतं. पण बिलावर 'खोटी आकार' छापलं तर लोक 'खोटा' वाचतील. म्हणून डेमरेजला 'बंदर-मुक्काम आकार' आणि डिटेन्शनला 'कंटेनर-खोळंबा आकार' असं मी सुचवेन. 'आकार' वीजबिलामुळे घरोघरी ओळखीचा आहे. पहिल्या उल्लेखात मात्र मूळ शब्दही शेजारी ठेवा, कारण कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटशी फोनवर बोलताना तेच लागतात.