पतसंस्थेत पैसे ठेवू का?

प्रश्न: ताई, मी चार घरी पोळ्या करते, महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही, सावकार शेकडा ५ ने देतो, बँकेत गेलं की पगाराची स्लिप मागतात. शेजारीण म्हणते पतसंस्थेत ये, जाऊ का?

उत्तर: अगं शेकडा ५ म्हणजे महिन्याला, वर्षाचे ६० टक्के झाले की! पतसंस्थेचा फायदा हाच की तिथे तू सभासद होतेस, शेअर घ्यायचा, पिग्मीवाला दारात येऊन रोजचे २०-३० रुपये नेतो आणि कर्जाला स्लिपपेक्षा तुझी बचत नि जामीनदार बघतात. साताऱ्याकडच्या म्हसवडच्या बायकांचं माहितीये ना, अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी त्यांना बँकेचं लायसन्स नाकारलं, त्या लिहायला शिकल्या आणि परत गेल्या, १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण एक सांगते, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो, पतसंस्थेत तो नसतो. त्यामुळे सगळे पैसे एकीकडे नको, आधी पतसंस्थेचा ऑडिटचा वर्ग, म्हणजे हिशेब तपासणीत मिळालेला दर्जा, विचार, आणि पिग्मीची पावती दिल्याशिवाय त्याला उंबऱ्यावरून हलू देऊ नकोस.